रक्तपेशींचे कान

चार सुना असलेल्या घरांत माजघरांतून ‘अहो’ अशी हांक आली, तर ओसरीवर बसलेल्या चौघां भावांपैकीं नेमका एकच उठतो. हांक चौघांच्याहि कानांवर पडते. पण ती आपली, हें ओळखणारा कान एकाजवळच असतो. आपल्या देहांतहि असाच प्रकार चालतो, असें म्हटलें तर वाचकांना ती थट्टा वाटेल. परंतु शास्त्रज्ञांनीं तो पुराव्यानिशीं दाखविला आहे.

निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेंत दर सेकंदाला सुमारें २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. एकेकीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. ही पैदास किती व्हावी, याचा निरोप मूत्रपिंडें धाडतात. प्राणवायु कमी पडूं लागला कीं, तीं एरिथ्रोपोएटिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात. तें सर्वांगभर हिंडतें. पण त्याला ओ देतात त्या मुख्यतः अस्थिमज्जेंतील, तांबड्या होऊं घातलेल्या कोवळ्या पेशी. कारण त्यांच्या पृष्ठभागावर या द्रव्याचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे कान, असतात. निरोप मिळाला तर त्या जगतात व वाढतात. न मिळाला तर बहुतेक मरून जातात.

या विषयाकडे मी वळलें ती हौसेनें नव्हे. सासूबाईंचीं मूत्रपिंडें क्षीण झालीं आणि त्यांचें हिमोग्लोबिन आठावर आलें. देवघरांतून स्वयंपाकघरांत येतांनाहि त्यांना धाप लागे. डॉक्टरांनीं एरिथ्रोपोएटिनचीं इंजेक्शनें सुचविलीं. पण बारा वर्षांपूर्वीं त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, आणि धाकट्या भावोजींनीं कोठेंसें वाचलें होतें कीं, कर्करोगाच्या पेशींवरहि हे कान सांपडले आहेत. “मग हें औषध त्या झोंपलेल्या वैऱ्यालाच उठवणार नाहीं ना?” असें त्यांनीं विचारल्याबरोबर मामंजींच्या हातांतील पेला तसाच खालीं राहिला. औषध घ्यावें तर ही भीति. न घ्यावें तर डोळ्यांदेखत माणूस फिकट होत चाललेलें. म्हणून ‘सांपडले’ म्हणजे नेमके कसे सांपडले, याचा मी शोध घेऊं लागलें.

हे कान नुसत्या सूक्ष्मदर्शकांतून मोजतां येत नाहींत. आधीं निरोपच शुद्ध स्वरूपांत हातीं यावा लागतो. शिकागोच्या युजीन गोल्डवासर यांनीं १९७७ मध्यें, जपानांतील मियाके यांच्या साह्यानें, रक्तक्षयाच्या रुग्णांच्या २,५५० लिटर मूत्रांतून हें द्रव्य वेगळें केलें. मिळालें तें अवघें कांहीं मिलिग्रॅम. पुढें शुद्ध द्रव्याला किरणोत्सर्गी आयोडिनची खूण जोडून तें पेशींवर सोडण्यांत येऊं लागलें. पेशी धुवून काढल्या कीं, चिकटून राहिलेलें तेवढें यंत्रानें मोजावयाचें. पण हिशेब येथें संपत नाहीं. कांहीं द्रव्य पेशीला भलतीकडेच, उगाच चिकटतें. म्हणून दुसऱ्या भांड्यांत त्याच पेशींना खूण नसलेलें द्रव्यहि विपुल देतात. खरे कान त्यानें भरून जातात व खुणेच्या द्रव्याला तेथें जागा उरत नाहीं. तरीहि जें चिकटतें, तें फुकाचें समजून पहिल्या आंकड्यांतून वजा करतात. अशा वजाबाकीनंतर एकेका कोवळ्या पेशीवर हे कान फार तर हजाराच्या आसपास निघाले. इतक्या थोडक्यांवर आपलें सारें तांबडें रक्त उभें आहे!

१९८९ मध्यें अमेरिकेंत हार्वे लोडिश यांच्या प्रयोगशाळेंत या रिसेप्टरचें जनुक हातीं लागलें. तेंहि याच रीतीनें: जनुक घातलेल्या परक्या पेशी खुणेचें द्रव्य धरूं लागल्या, यावरून तें ओळखलें.

पुढें एक सोपी वाट निघाली. रिसेप्टरला चिकटणारीं म्हणून प्रतिपिंडें विकत मिळूं लागलीं. गांठीच्या पातळ चकतीवर तीं सोडावयाचीं आणि रंग उमटला कीं ‘कान आहेत’ असें म्हणावयाचें. कर्करोगाच्या पेशींविषयींचे पुष्कळ दाखले असेच जमले. २००६ सालीं एलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हीं प्रतिपिंडेंच तपासलीं, तेव्हां त्यांतील एक फार वापरलें जाणारें प्रतिपिंड दुसऱ्याच एका प्रथिनाला चिकटत असल्याचें आढळलें. हे संशोधक तें औषध बनविणाऱ्या कंपनींतले होते, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. परंतु नुसत्या रंगावर विसंबतां येत नाहीं, हा त्यांचा मुद्दा खरा होता.

“म्हणजे भीति खोटीच कीं!” भावोजी म्हणाले. तसेंहि नव्हे. पुरावा कच्चा ठरला म्हणजे उलट गोष्ट सिद्ध होत नाहीं. कर्करोगाच्या कांहीं रुग्णांत या औषधानें रोग बळावल्याचें वा आयुष्य घटल्याचें निराळ्या प्रयोगांत दिसलें होतें, आणि २००७ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं त्यावर कडक इशारा छापावयास लाविला. डॉक्टरांनीं दोन्ही बाजू आमच्यापुढें मांडल्या. मात्रा शक्य तितकी कमी ठेवावयाची, हिमोग्लोबिन अकरापुढें जाऊं द्यावयाचें नाहीं आणि जुन्या दुखण्याची तपासणी चुकवावयाची नाहीं, असें ठरलें.

सासूबाईंनीं सारें ऐकून घेतलें. त्या शाळेंत फार शिकल्या नाहींत. पण भाजीवाल्याची तागडी आधीं रिकामी धरावयास लावण्याची त्यांची जन्माची संवय. “रिकामी तागडी बघितली नाहीं, तर मापाला अर्थ काय?” येवढेंच त्या बोलल्या, आणि इंजेक्शनाला त्यांनीं होकार दिला. आज त्यांचें हिमोग्लोबिन दहावर आहे.

घरांत औषध येतें तेव्हां त्याच्या मागोमाग बातम्याहि येतात. त्या ऐकतांना ‘हें कळलें कसें?’ येवढें अवश्य विचारावें. उत्तरानें भीति जाईलच असें नाहीं. पण किती भ्यावयाचें, याचें माप हातीं येतें.