डोंबिवलीची वेलांटी

मराठी लिपीत पहिल्या वेलांटीइतकी आडमुठी खूण दुसरी नाही, असं एका बाईंचं ठाम मत आहे. 'वि' म्हणताना व आधी ऐकू येतो, इकार मागून. कागदावर मात्र वेलांटीची दांडी व-च्या डावीकडे. ऐकलं तसं लिहिणारं मूल व काढून मोकळं होतं आणि मग डावीकडे जागाच उरत नाही. बाकीची मुलं ती दांडी कशीबशी मागच्या अक्षरात घुसवतात, नाहीतर खोडतात आणि पुढे जातात. काही स्वमग्न मुलांचं गाडं नेमकं इथेच अडतं. विशेष शिक्षिका म्हणून बाईंचं निम्मं आयुष्य या अडण्याभोवतीच गेलं आहे.

सध्या त्यांच्याकडे येणारा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला मध्य रेल्वेची स्टेशनं लिहायला आवडतं. दुसरं काही लिहायला तो तयारच नसतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याणपर्यंत, स्लो लोकलच्या क्रमाने. पहिल्याच नावात 'शि'. पुढे चिंचपोकळी, मग विद्याविहार, ज्यात ही वेलांटी दोनदा येते. मग विक्रोळी, दिवा, डोंबिवली. अक्षर बिघडलं की पान फाडायचं आणि पुन्हा सीएसएमटी. कल्याण दोन स्टेशनांवर आलेलं असलं तरी सीएसएमटी. खोडरबर पुढे केला तर जास्तच बिनसतं, कारण खोडलेल्या जागी राखाडी डाग राहतो आणि त्याच्या लेखी चूक अजून तिथेच बसलेली असते. मग कानांवर हात, हुंदके, एखादे दिवशी स्वतःच्याच मनगटाला चावा. 'हट्टी झालाय' असं आजी म्हणते. बाई आजीशी वाद घालत नाहीत, पण मनगट पाहिलेल्या माणसाला हट्ट हा शब्द सुचू नये असं त्यांना वाटतं.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा स्वमग्न मुलांबद्दल लिहिलं, तेव्हाच सगळं जसंच्या तसं राहावं या त्यांच्या धडपडीची ठळक नोंद केली होती. रचना अर्धवट राहिली, मोडली की ही मुलं कासावीस होत. चुकलेलं अक्षर तेच करतं.

यावर धंद्यातला लाडका उपाय म्हणजे चूक होऊच द्यायची नाही. हर्बर्ट टेरेस या मानसशास्त्रज्ञाने 1963 मध्ये कबुतरांना लाल आणि हिरव्या दिव्यातला फरक असा शिकवला, की चुकीच्या दिव्यावर चोच मारायची वेळ जवळजवळ आलीच नाही. चुकीचा, म्हणजे हिरवा दिवा आधी अगदी मंद आणि क्षणभरच दाखवला, मग हळूहळू वाढवला. अशा शिकवणीत कबुतरं चिडलीही नाहीत. तिथून ही रीत मुलांपर्यंत आली. ठिपके गिरवा, हात धरून लिहा, आधार थोडा थोडा काढा. बाईही हे करतात. पण याच रीतीवर पूर्ण भरवसा टाकणाऱ्यांचा त्यांना राग आहे. प्रदर्शनात मांडलेल्या त्या डागविरहित वह्या पाहिल्या की त्या विचारतात, 'यातलं मुलाने किती लिहिलं आणि ताईंच्या हाताने किती?' चूक कधीच न भेटलेलं मूल शाळेतल्या पहिल्या लाल रेघेपुढे काय करणार, याचं उत्तर त्यांना अजून कुणी दिलेलं नाही.

त्यांचा स्वतःचा उपाय म्हणजे मुलासमोर मुद्दाम चुकायचं, 'अरेच्चा' म्हणायचं, आडवी रेघ मारून पुढे जायचं. या मुलाने तो पहिल्याच दिवशी उधळला. 'बाई, तुम्ही मुद्दाम केलंत.' गाडी सिग्नलला थांबली म्हणून परत सीएसएमटीला जाते का, असंही त्यांनी विचारून पाहिलं. 'मी गाडी नाही,' तो म्हणाला. हे खरंच होतं.

मग बाईंचा हात कापू लागला. वयाचा कंप, डॉक्टर म्हणाले. ज्या बाईंचे फळ्यावरचे सुविचार शाळेतल्या इतर शिक्षिका पुसू देत नसत, त्यांना हे जड गेलं. त्यांनी आधी जाड मार्कर घेतला, मग छापील अक्षरपट्ट्या. स्वमग्न मुलांना छापील अक्षरच बरं, असं एक शास्त्रीय कारणही तयार ठेवलं. आपल्या वळणदार ळ-चा अभिमान त्यांना मुलांच्या प्रगतीहून कमी नव्हता, हे आता त्या हसत सांगतात.

एक दिवस पट्टी सापडेना. त्यांनी हाताने 'विक्रोळी' लिहिलं आणि दांडी नागमोडी गेली. मुलगा बराच वेळ ती न्याहाळत राहिला. 'ही खरी आहे,' म्हणाला. आणि मग हुकूम: सीएसएमटीपासून. बाई भडकल्या. लिहिलं त्यांनी, पण भायखळ्यापर्यंत मनगट दुखायला लागलं आणि 'चिं'ची दांडी पुन्हा हलली. त्यांनी आडवी रेघ मारली, शेजारी पुन्हा लिहिलं, करी रोडला निघाल्या. तो ओरडला नाही. 'बाईंना चालतं. मला नाही.'

आईला आता हे सगळं थांबवावंसं वाटतं. परीक्षेला लेखनिक मिळतो, टॅबवर टाइप करता येतं. टॅबचा मुद्दा बाईंना खोडता येत नाही. युनिकोडमध्ये व आधी, वेलांटी नंतर. पडदा तिला आपणहून डावीकडे नेऊन बसवतो. म्हणजे मुलाचा क्रम संगणकाला मान्य आहे, फक्त वहीला नाही. बाईंनी टॅब सुरू केला, पण वही बंद केली नाही. का, असं विचारलं तर आधी बोटांच्या स्नायूंबद्दल बोलतात, मग गप्प होतात, मग म्हणतात, 'मला हस्ताक्षर आवडतं म्हणून.'

मुलाने दरम्यान स्वतःचा नियम काढला आहे. ज्या स्टेशनावर फास्ट गाडी थांबत नाही, तिथे चूक झाली तर आडवी रेघ चालते. विद्याविहार आता तो आडवी रेघ मारून पुन्हा लिहितो, तोंडाने फास्ट गाडीचा आवाज काढत. चिंचपोकळीही चालते. डोंबिवलीला फास्ट थांबते, तेव्हा डोंबिवली बिघडली की पान अजूनही फाटतंच. बाई त्याच्याशी सध्या दिव्यावरून वाद घालताहेत, कारण काही फास्ट तिथे थांबतात आणि काही थांबत नाहीत.