खोलीतला खेळ दिवाणखान्यात

आमचे चिरंजीव खोलीचे दार लोटून संगणकावर खेळत बसत. आत काय चालले आहे, हे आम्हांस केवळ आवाजावरून कळे. गतवर्षी नाताळच्या सुटीत त्यांनी तो खेळ दिवाणखान्यातील टीव्हीच्या पडद्यावर आणला.

युक्ती मोठी मौजेची. खेळ चालतो खोलीतील संगणकावरच; त्याची चित्रे संक्षिप्त होऊन घरच्या जाळ्यातून पडद्याकडे धावतात, आणि हातातील बटणाचा दाब उलट वाटेने संगणकाकडे जातो. 'स्टीम लिंक' नामक पेटी ह्याच कामासाठी २०१५ साली निघाली होती. हल्ली ते काम टीव्हीतील ॲपच करते.

परंतु सेकंदास ६० चित्रे म्हणजे एका चित्रास जेमतेम १७ सहस्रांश सेकंद! वायफायवरून ती अडखळत; बटण दाबावे, तो गडी खड्ड्यात पडलेला. चिरंजीव कंटाळून पुन्हा खोलीकडे वळू लागले. तेव्हा आम्हीच शिडीवर चढलो आणि संगणकापासून राउटरपर्यंत व तेथून टीव्हीपर्यंत भिंतीकडेने केबल ओढली. सौभाग्यवतींनी रंग खरवडल्याबद्दल बोलून घेतले, ते निराळेच.

त्या रात्री खेळ आमच्याही हाती आला. तीनदा आम्ही खड्ड्यात पडलो. चौथ्यांदा चिरंजीवांनी आमच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला व म्हणाले, "पपा, आता!"