निरपराध बॅटरी

मोटार सकाळीं सुरू झाली नाहीं कीं सर्व मंडळी बॅटरीस दोष देऊन मोकळी होतात. वास्तविक बॅटरी ही केवळ कोठी होय; तींत वीज भरणारा निराळाच, तो म्हणजे इंजिनच्या पट्ट्यानें फिरणारा अल्टरनेटर. कोठी रिकामी आढळल्यास भरणाऱ्याची आणि भरण्याच्या वाटेचीही चौकशी व्हावयास पाहिजे.

आमच्या १९८६ सालच्या मोटारीनें दोन वर्षांत दोन बॅटऱ्या खाल्ल्या. वडील तिसरी आणावयास निघाले, तोंच आमच्या आळींतील वृद्ध मिस्त्रींनीं त्यांस थांबविलें. "भाऊसाहेब, पैसे टाकण्यापूर्वीं तपासून तर पाहूं," असें म्हणून त्यांनीं व्होल्टमीटर काढला.

पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असतां १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. इंजिन चालू असतां तिच्या टोकांवर सुमारें १३.८ ते १४.४ यावे लागतात. आमच्या येथें इंजिन चालू असूनही १२.९ च दिसले. पट्टा ताठ होता, बॅटरीचीं टोकें स्वच्छ होतीं. मग मिस्त्रींनीं मीटर अल्टरनेटरलाच लावला, तेथें १४.२ होते! म्हणजे भरणाराही निर्दोष. मग वाटेंत वीज गिळीत होतें कोण?

त्यांनीं दिवे लावावयास सांगितले आणि मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनच्या अंगावर टेकविली. तेथें ०.२ व्होल्टहून अधिक फरक असूं नये, होता १.२. इंजिन आणि सांगाडा यांस जोडणारी विणलेली पट्टी बोल्टाखालीं गंजली होती. स्टार्टरचा प्रवाहही तिच्याच वाटेनें जातो, म्हणून तो मंद फिरे. गंज घासून बोल्ट आवळतांच बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसूं लागले. खर्च झाला तो पॉलिश पेपरच्या तुकड्याचा!

नवी बॅटरी घातली कीं कांहीं महिने मोटार सुरळीत चाले, म्हणून आमचा निकाल आम्हांस खरा वाटे. परंतु सतत अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती खरोखरच मरते. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा हा प्रकार!

घरांत व शाळेंतही असेंच घडतें. गणितांत मागें पडलेला मुलगा मंदबुद्धि, असें ठरविण्यापूर्वीं त्यास फळ्यावरील आंकडे नीट दिसतात कीं नाहीं, एवढें तरी आपण पाहावें.