त्याच विस्तवापाशी

आमच्या पिंपरी-चिंचवड परिसरात पवित्र कम्युनियन देताना धर्मगुरूची नजर पुढे आलेल्या हातांवर जाते. त्यांत बोटे नसलेले हातही असतात. त्यांपैकी एका गृहस्थांच्या अनुमतीने हे लिहीत आहे. पापनिवेदनात ऐकलेले यात काहीही नाही.

चाकणजवळच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. काम झपाट्याने व्हावे म्हणून मशीनचा सेन्सर बंद ठेवण्यात आला होता. जखम भरली, नुकसानभरपाईही मिळाली. परंतु रात्री प्रेसचा दणका कानी येऊन ते दचकून उठत. ते मजकडे आले तेव्हा मी म्हणालो, "सुपरवायझरला क्षमा करा आणि विसरून जा." ते मुकाट्याने उठून गेले आणि चार महिने मिस्सेला फिरकले नाहीत.

पुढे योहानाचे शुभवर्तमान वाचताना मी एका जागी थबकलो. कोळशाच्या विस्तवासाठी तेथे योजलेला ग्रीक शब्द अवघ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक, महायाजकाच्या अंगणात, जेथे पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले. दुसरा, सरोवराच्या काठी, जेथे पुनरुत्थित प्रभूने त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले. प्रभूने पेत्राला विसरायला सांगितले नाही. आधी न्याहारी दिली, मग तशाच विस्तवापाशी त्याला बोलते केले.

मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि त्यांची क्षमा मागितली.

लोणावळ्याच्या साधना संस्थेचे संस्थापक, येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांच्या १९७८ सालच्या 'साधना' या ग्रंथात दुःखद प्रसंगाकडे मनाने परतून तेथे प्रभूचा शोध घेण्याचा ध्यानाभ्यास आहे. (सेमिनरीत हा ग्रंथ मी घाईने वाचून काढला होता!) त्यांच्या काही विचारांविषयी १९९८ मध्ये रोमने सावधगिरीची सूचना काढली, हे खरे, तथापि प्रसंगात कल्पनेने शिरण्याची ही रीत संत इग्नेशियसपासून चालत आलेली आहे.

आम्ही दर गुरुवारी चर्चमध्ये बसू लागलो. मी काहीही सुचवीत नसे. प्रार्थनेत जे दिसते ते घडलेलेच असते असे नाही आणि दुखावलेल्या मनात नवी आठवण पेरणे फार सोपे असते. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही चालू होत्याच.

तिसऱ्या गुरुवारी ते एकाएकी म्हणाले, "फादर, कोणीतरी माझा हात वर धरला होता. पंचा गुंडाळला होता. टेम्पोत, हॉस्पिटल येईपर्यंत."

तो कंत्राटावरचा बिहारी मुलगा होता. हे मनाचे खेळ तर नव्हेत, अशी शंका मला आली. त्यांच्या पत्नीने कपाटातून पंचा काढून दाखवला. धुऊनही रक्ताचे डाग गेलेले नव्हते.

तो पंचा घेऊन आम्ही दोघे म्हाळुंग्याला कामगारांच्या खोल्यांवर गेलो. मुलगा केव्हाच गावी परतला होता. त्याच्या सोबत्यांनी फोन लावून दिला. हे गृहस्थ बराच वेळ नुसते "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले, मग रडू लागले.

हल्ली त्यांना पुष्कळशा रात्री झोप लागते. सुपरवायझरविषयी ते अद्याप काही बोललेले नाहीत. मीही विचारलेले नाही.