चर्चमधली रॉकेटशाळा

रॉकेट-शास्त्रज्ञ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरा कोट, चकचकीत प्रयोगशाळा, भिंतभर कॉम्प्युटर! खरं ना? तर मग मुलांनो, चला थुंब्याला.

केरळची राजधानी तिरुवनंतपुरम. तिथून समुद्राच्या कडेकडेने थोडं उत्तरेला गेलं की हे कोळ्यांचं गाव लागतं. एका बाजूला अरबी समुद्र, दुसरीकडे नारळीची झाडं, पायाखाली वाळू. भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट उडालं ते इथून!

इथूनच का? पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त या गावाच्या अगदी जवळून जात होतं. या रेषेच्या वर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, विजेचा एक जोरदार प्रवाह वाहत असतो. तिथवर विमान पोचत नाही आणि फुगाही नाही. त्याचा अभ्यास करायचा तर रॉकेटच हवं.

डॉ. विक्रम साराभाईंना जागा पसंत पडली. पण नेमकं तिथेच होतं सेंट मेरी मॅग्डालीन चर्च, बिशपचं घर आणि कोळ्यांची वस्ती. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं आणि त्यांनी होकार दिला, असं डॉ. अब्दुल कलाम पुढे सांगत. स्वतःचं घर आणि देवाचं घर, दोन्ही सोडायची! सोपं आहे का हे?

मग चर्चची झाली कार्यशाळा, बिशपचं घर झालं ऑफिस. रॉकेटचे भाग चक्क सायकलवरून जायचे!

२१ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेहून आलेलं ‘नायकी-अपाची’ रॉकेट सज्ज झालं. ऐन वेळी क्रेनमध्ये गळती लागली. आता? सगळ्यांनी हात लावून रॉकेट जागेवर चढवलं. संध्याकाळी ते उडालं आणि आकाशात सोडियमच्या वाफेचा रंगीत ढग पसरला.

चारच वर्षांनी, १९६७ साली, भारतीय बनावटीचं ‘रोहिणी-७५’ इथूनच उडालं. जाडी किती? ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण फुलपात्राएवढी! त्याच वर्षी आपले डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडहून परत येऊन थुंब्याला रुजू झाले आणि रॉकेटच्या घन इंधनावर काम करू लागले.

पुढचं स्वप्न होतं उपग्रहाचं. एस.एल.व्ही.-३ या रॉकेटवर थुंब्याच्या मंडळींनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली. ते उडवायचं मात्र पूर्व किनाऱ्यावरच्या श्रीहरिकोट्याहून, कारण पूर्वेकडे झेपावणाऱ्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी ते उडालं आणि काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळलं! नियंत्रण-यंत्रणेत गळती झाली होती. एवढीशी चूक आणि सगळी मेहनत पाण्यात. पण रडत न बसता सगळ्यांनी चूक शोधली, पुन्हा एकेक भाग तपासला. १८ जुलै १९८० रोजी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला.

थुंब्याच्या त्या चर्चमध्ये आज अंतराळ संग्रहालय आहे. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा तो रॉकेट-शास्त्रज्ञ, असं तुम्हांला वाटत असेल. गणित तर हवंच! पण सायकलवरून रॉकेट न्यायला न लाजणारे हात हवेत, आणि पडलेलं रॉकेट पुन्हा उभं करायची चिकाटीही हवी. केरळला गेलात तर संग्रहालयातली रॉकेटं जरूर पाहा. आणि ज्या कोळ्यांनी त्यासाठी आपली जागा दिली, त्यांचीही आठवण काढा.