मीटर येण्याआधी घर तपासा

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेचे मीटर घरोघरी बसू लागले, तेव्हा आमच्या वस्तीत कुजबुज सुरू झाली. मीटर बसला की पाणी तुटणार, बिलात घर बुडणार! रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या भगिनींनी आम्हांलाच गाठले. "भाऊ, तुम्ही कारकून माणूस. मीटर लावून घ्यायचा की नाही, ते सांगा."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आम्हांला आमच्या आत्या आठवल्या.

आत्या तालुक्याच्या गावी एकट्या राहत. त्यांच्या नळाला मीटर बसला, त्या दिवशी आम्ही तिथेच होतो. आम्ही बी.कॉम. झालेले, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारे. पण मीटरवर पहिला आकडा काय आहे, हे काही पाहिले नाही. मीटर नवा नव्हता, दुरुस्त करून आणलेला होता. त्यावर आधीच फिरलेले १४२ युनिट पहिल्या बिलात आत्यांच्या माथी आले. कार्यालयात विचारले, "आकडा आधीचा होता याला पुरावा काय?" पुरावा नव्हता. आत्यांनी कानातली फुले मोडून बिल भरले. आम्हांला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच आजही सलते.

म्हणून आम्ही भगिनींना म्हणालो, मीटरला भिऊ नका. पण तो येण्याआधी घर तयार ठेवा.

मीटर आपण वापरलेले पाणी ओळखत नाही. नळीतून जे गेले ते तो मोजतो, मग ते गळून का जाईना. रात्री टाकी भरून वरचा पुरवठा बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाहा. संडासच्या टाकीत थोडी नीळ टाका. टाकी न ओढता अर्ध्या तासात भांड्यात निळे पाणी दिसले तर गळती आहे. आम्ही हा प्रयोग आधी आमच्याच घरी केला, तर भांडे निळेशार! आमच्या सौ. म्हणाल्या, "भाषण नंतर द्या, आधी वायसर आणा."

दुसरी गोष्ट, नळजोड कोणाच्या नावावर आहे ते पाहा. आमच्याकडे कित्येक नळ वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत, आणि एका नळावर तीन भावांच्या चुली. बिल आल्यावर जावाजावांनी भांडण्यापेक्षा वाटणी आधीच बसून ठरवावी. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती एकत्र ठेवून नाव बदलून घ्यावे. नळाला थेट मोटर लावू नये. ती पाणी ओढते तेव्हा गळक्या जोडांतून घाणही आत येते आणि शेजारणीचा हंडा रिकामा राहतो.

मीटर बसवताना घरचे कोणीतरी हजर असावे. मीटरवरचा बाण पाण्याच्या वाहण्याच्या दिशेला आहे ना, ते पाहा. मीटरचा नंबर, तारीख आणि पहिला आकडा कागदावर लिहून बसवणाऱ्याची सही घ्या, मोबाईलवर फोटो काढा. मग सगळे नळ बंद करा. तरीही मीटरमधले बारीक चाक फिरत असेल, तर पुढे कुठेतरी गळती आहेच.

हिशेब अवघड नाही. एक युनिट म्हणजे १००० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर पाच माणसांना रोज ६७५ लिटर, महिन्याला सुमारे २० युनिट. आकडा याच्या फार पुढे गेला, तर आधी घर तपासा, मग तक्रारीचा अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. आज पाणी आपल्या दारात आले आहे. त्याची नोंदही आपल्याच हाती असली पाहिजे. ज्याच्याकडे वशिला नाही, त्याचा साक्षीदार म्हणजे त्याने लिहून ठेवलेला कागद!

आता आमच्या वस्तीत पुष्कळ घरांत दिनदर्शिकेवर दर एक तारखेला मीटरचा आकडा लिहिलेला असतो. बहुतेक ठिकाणी अक्षर शाळकरी मुलींचे. ते पाहिले की आत्यांच्या मोकळ्या कानपाळ्या डोळ्यांसमोर येतात.