उतरंड

"पप्पा, आता रोज रात्री मलाच तुमची काळजी करावी लागणार."

रात्री अडीच वाजता, लातूरच्या हॉस्टेलच्या फाटकात उभी राहून माझी मुलगी हे बोलली. 2023 च्या ऑगस्टमधली गोष्ट. ते वाक्य अजून कुसळासारखं टोचतं.

मुलगी तेव्हा अकरावीला, नीटची तयारी चालू. आमच्या राणीसावरगावातून लेकरं लातूरला जातातच. रोज रात्री नऊला तिनं फोन करायचा, असं मीच ठरवून दिलेलं. त्या दिवशी फोन आला नाही. साडेनऊला मी लावला, वाजून वाजून बंद झाला. वाटलं, जेवत असेल. दहाला वाटलं, ताप आला असेल. सव्वादहाला वाटलं, मेसच्या जेवणातून काही बाधलं असेल. अकराला मनातल्या मनात तिला दवाखान्यात भरती करून झालं होतं. साडेअकराला तर त्याच्याही पुढं गेलो होतो, ते लिहवत नाही. हॉस्टेलचा नंबर कुणी उचलत नव्हतं.

बायको म्हणाली, "आवो, पोरगी झोपली आसंल. कामून जिवाला घोर लावून घेता?"

सतरा वेळा फोन लावला आणि मोटारसायकल काढली. भुरभुर पाऊस होता. वाटेत दोनदा थांबून फोन लावला. फाटकावरच्या वॉचमनचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले, तेव्हा तो आत गेला.

मुलगी धावत आली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मला बघताच तिनं विचारलं, "आजीला काय झालं?"

कुणाला काहीच झालं नव्हतं. सकाळी परीक्षा होती म्हणून ती फोन सायलेंटवर टाकून आठलाच झोपली होती. आजी बरी आहे, असं मी सांगितलं तसं ती मटकन खाली बसली, हुंदके देऊन रडली आणि मग ते वाक्य बोलली. माझा जीव भांड्यात पडला होता, आणि तिचा उडाला होता. माझ्या डोक्यातलं ओझं साऱ्या वाटेनं वाहून नेऊन मी तिच्या डोक्यावर ठेवून आलो. सकाळचा पेपर तिला अवघड गेला.

हे माझ्यात कुठून आलं? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. आमचं घर उभं राहिलं, पण पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. आई दाराशी पितळी भांड्यांची उतरंड रचायची. जमीन हलली की भांडी पडतील आणि जाग येईल, हा तिचा हिशोब. घरचे झोपायचे. मी उतरंडीकडं कान लावून पडायचो. महिन्याभरात भांडी परत चुलीपाशी गेली. माझा कान तिथंच राहिला.

अर्थात, सगळा दोष भूकंपावर टाकणं खरं नाही. माझ्याच वयाचे गावातले कितीतरी जण गाढ झोपतात.

लातूरच्या रात्रीनंतर एका डॉक्टरांकडं गेलो. दोन मिनिटांत म्हणाले, "विचार करू नका." अहो, ते हातात असतं तर मी तुमच्या दारात आलो असतो का? ज्याला तहान लागलीय त्याला तहान लावून घेऊ नको म्हणण्यासारखं आहे हे. कुणालाही "विचार करू नका" असं सांगू नका.

मग एका रात्री 14416 लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी विचार थांबवायला सांगितलं नाही, त्याला वेळ ठरवून द्यायला सांगितलं. दिवसातून अर्धा तास, समजा संध्याकाळी सहाला, फक्त काळजीचा. एरवी विचार आला की म्हणायचं, सहाला ये. पुढं वाचनात आलं की थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत 1983 मध्येच हा प्रयोग मांडला होता.

मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. संध्याकाळी सहाला ओट्यावर बसतो. डाव्या पानावर भीती, उजव्या पानावर त्यावर काय करता येईल ते. डावीकडं "सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसतोय", उजवीकडं "सकाळी रोगट झाडं उपटायची". हा झाला विचार. डावीकडं "पोरीचं काही बरंवाईट झालं तर", उजवीकडं काहीच नाही. ही झाली नुसती काळजी. रात्री डोंगराएवढी वाटलेली गोष्ट सहाला लिहायला घेतली की कधी कधी दोन ओळींतच संपते. रोज संपत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल तर वहीवर न भागवता मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं, गोळ्या दिल्या तर घ्याव्यात.

त्या रात्री जाऊन माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं, असं मी वर लिहिलं आहे. तरी खरं सांगतो, बाप म्हणून निघालो याची मला लाज वाटत नाही. सतरा फोन उचलले गेले नाहीत तर उद्या मी काय करीन, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

नऊच्या फोनचा नियम मीच मोडून टाकला. पोरीला म्हटलं, जमेल तेव्हा कर. तरी तिचा फोन अजून बरोबर नऊला येतो, एकही दिवस चुकत नाही. सवयीनं करते की माझ्या धाकानं, हे वहीत कितीदा लिहिलं आहे. तिला मात्र अजून विचारलेलं नाही.